तीन नंबरची शेड

नाय नाय, तुझी पोती आहेत तिथेच आहेत, कोण हात लावणार त्या ओव्या-लसणाला — बस तू, टेम्पो येईपर्यंत उभीच राहणार आहेस काय? त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडलाय, इकडे बाकड्यावर बस. रंगू, ए रंगू, डॉक्टरीणबाईंना पाणी आण गं — घे, घरच्या विहिरीचं आहे, त्यात औषधबिवषध घातलेलं नाय, घाबरू नको. हसलीस? नाय हसलीस. बरं. मी आपला हात चालू ठेवतो, चालेल ना तुला? कालच नवीन पिल्लं सोडली कंपनीने, त्यातली ही लंगडी-लुळी रंगूने निवडून काढलीयेत. अर्धी टोपली निघाली. निवडते नीट, पण पुढचं तिला जमत नाय — म्हणते, दादा, ते तुमी करा. आता यात करायचं काय असतं? मान अशी दोन बोटांत धरायची, आणि — झालं. बघ. आवाजसुद्धा होत नाय. तुम्हाला कॉलेजात शिकवलंच असेल की हे. काय? इंजेक्शन देतात? लंगड्या पिल्लाला इंजेक्शन! वा, चैन आहे तुमच्या कॉलेजातल्या पिल्लांची.

तर काय सांगत होतो — हां, रिपोर्ट. आमच्या राहुलने दाखवला मला फोनवर. कंपनीची औषधं तोच विकतो ना या पट्ट्यात, त्याच्याकडे सगळ्यांच्या आधी येतं सगळं. इंग्रजीत होता, त्याने मराठी करून सांगितला. आणि खरं सांगू तुला, आश्लेषा? राग मानू नको, तुला एवढीशी असल्यापासून बघतोय म्हणून बोलतो — मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त गेल्या मला. बायको म्हणाली, काय झालंय आज तुम्हाला? म्हटलं, शेजारच्या वाडीतली डॉक्टरीण नापास झाली.

तूच नाय का म्हणालीस, इथेच बसून — दादा, तीन शेड आहेत तुमच्या, तिन्हीत एकाच दिवशी पिल्लं सोडू. एक नंबरला नेहमीचं तुमचं अँटिबायोटिक. दोन नंबरला अँटिबायोटिक बंद, त्याच्या जागी माझा पाला — ओवा, लसूण, हळद, गुळवेल, कडुनिंब. आणि तीन नंबरला काहीच नाय, नुसतं कोरं खाद्य. मी म्हटलं, काहीच नाय म्हणजे? मरतील की गं! तर तू म्हणालीस, तेच बघायचंय दादा, तिसऱ्या शेडमधल्या मरायला लागल्या आणि दुसऱ्यातल्या जगल्या तर समजायचं की पाल्याने काम केलं. मला त्यातली मेख तेव्हा कळली नाय, पण कंपनी भाडं देत होती, मी म्हटलं करा. मग तू रोज उजाडता उजाडता यायचीस, तोंडाला फडकं बांधून स्वतःच्या हाताने पाला कालवायचीस, मला नाय हात लावू दिलास, रंगूलाही नाय. पहिल्या आठवड्यात कडुनिंब जास्त पडला तुझ्याकडून, तर पिल्लं खाद्याला चोच लावेनात — आठवतंय? तेव्हाच मला हसू आलं होतं. दोन नंबरमध्ये गेलं की असा वास यायचा, जसं काही कुणी फोडणी टाकलीय. मी राहुलला म्हटलं, आता काशीदच्या हॉटेलवाल्यांना मसाला वेगळा घालायला नको, कोंबडी आतूनच मुरून येतेय.

आणि शेवटी निघालं काय? तिसऱ्यातल्या मेल्याच नायत! ज्यांना काही म्हणजे काही दिलं नाय, त्या तुझा पाला खाणाऱ्यांच्या बरोबरीने वाढल्या. मर तेवढीच, वजन तेवढंच — वरून त्यांनी खाद्य कमी खाल्लं. मग पाल्याने केलं काय? काय नाय केलं. तुझ्या सरांनी हेच लिहिलंय ना? पाल्याचा उपयोग दिसत नाय, विषय बंद करावा. आणि कंपनीने मीटिंगमध्ये सांगून टाकलं, या तालुक्यात सगळ्यांनी औषध पूर्वीसारखंच चालू ठेवायचं. मला नवल वाटलं बरं का. इतकी वर्षं हाच धंदा करतोय मी. मागे एका पावसाळ्यात रस्ता खचला, पेणहून औषधाची गाडी आली नाय, तर आठवड्याच्या आत हगवण लागून अख्खी शेड झोपली — घमेल्यांनी उचलून पुरल्या. आणि या वेळी तीन नंबरमध्ये जाऊन बघतोय तर तुरे लालबुंद, पाय घट्ट, धावतायत. मी म्हटलं, देवाची कृपा. दुसरं काय म्हणणार?

हे एक बघ कसं बघतंय माझ्याकडे. पाय दोन्ही मागे वळलेत, उभं राहता येत नाय आणि चिवचिव केवढी. — झालं. मान नको फिरवू, डॉक्टर ना तू?

पण सभा तुझी छान झाली होती. देवळाच्या मंडपात, सगळे पोल्ट्रीवाले बोलावले होतेस, रोह्यापासनं आले होते लोक. पडद्यावर चित्रं दाखवलीस. कोंबडीला रोज थोडं थोडं औषध देत राहिलं की जंतू त्याला सरावतात, मग माणसाला तेच औषध दिलं तर चालत नाय — मला कळलं, मी काय अडाणी नाय. आणि मग तू तुझ्या आईचं सांगितलंस. सरोजिनीबाईंचं. चांगली बाई होती, चौथीपर्यंत राहुलला शिकवलं तिने. साधं लघवीचं दुखणं, आणि अलिबागला एक औषध लागू पडेना, मुंबईला नेलीत तर तिथेही नाय, आठ दिवसांत गेली. वाईटच झालं. पण सभेत कशाला सांगायचं ते? माझं नाव नाय घेतलंस तू, कबूल. पण लोक कुणाकडे बघत होते? माझ्याकडे! कारण सगळ्यांना ठाऊक, तुमच्या घरात दर रविवारी कोंबडी कुठून जायची ते. म्हणजे माझ्या कोंबड्यांनी मारली काय तुझ्या आईला? मी तिला मांडीचा भाग निवडून द्यायचो गं. कातडं कधी वजनात धरलं नाय. आणि त्याचं हे. — रडतेस? नाय? मग डोळ्यात गेलं असेल काहीतरी. भाताचा तूस उडतो इथे.

त्या सभेत खुर्च्या कोण मांडत होतं, तुला आठवतंय? तुला कशाला आठवेल. राहुल मांडत होता. तुम्ही दोघं एका वर्गात. तुला जनावरांच्या डॉक्टरकीला सीट मिळाली, त्याला नाय मिळाली — थोडक्यात हुकली, तुला नाय कळायचं थोडक्यात हुकणं म्हणजे काय ते. तू आत शिरलीस आणि तो बाहेर राहिला. आता तो बॅग घेऊन शेडशेडला फिरतो, औषधं विकतो, आणि तू पडद्यावर दाखवतेस की तीच औषधं माणसं मारतात. त्याने मागे उभं राहून ऐकलं सगळं. घरी आला, जेवला नाय. मी त्याला काय बोललो नाय, पण मनात म्हटलं, बघू. बघू या डॉक्टरीणबाईंचा पाला किती उडतो ते.

आणि तुला सांगू, तुमचं शिकलेल्यांचं एक असतं. तुम्ही हुशार असता, पण हात उधळे. तुझा तो एक नियम तर मला मुळीच पटला नाय. दोन नंबरमधलं उरलेलं खाद्य रोज संध्याकाळी वजन करायचं आणि मागे पोफळीखाली खड्ड्यात टाकायचं. वजन ठीक आहे, किती खाल्लं ते कळायला पाहिजे. रंगूने एक दिवस चुकवलं नाय, तुला फोन करून आकडा सांगायची की नाय? पण खड्ड्यात? चांगलं मक्याचं-सोयाबीनचं खाद्य, घमेलं घमेलं, मातीत? रंगू आतल्या भातशेतीच्या गावातली. ताटाबाहेर शीत पडलं तर उचलून तोंडात टाकणारी बाई ती. तिच्या हातून अन्न मातीत जाईल काय? पहिल्या दिवशी खड्ड्यापाशी घमेलं घेऊन उभी राहिली, उभी राहिली, आणि आली परत. मग रोजचंच झालं तिचं — वजन करायचं, तुला फोन करायचा आणि घमेलं नेऊन तीन नंबरमध्ये ओतायचं. मी बघितलं, म्हटलं, शाबास! त्या पण कोंबड्याच की. त्यांच्या पोटात गेलं, वाया तर नाय गेलं. अशी माणसं पाहिजेत कामाला. नायतर तुम्ही —

काय झालं? अगं, पाणी सांडलं सगळं तुझ्या अंगावर. पुस. ओढणीने पुस.

तीन नंबरमध्ये, हो. सांगितलं ना आत्ता. — कधीपासून म्हणजे? पहिल्यापासूनच. — हो, रोज. — किती ते मी काय मोजत बसलो होतो? सुरुवातीला जास्त, तुझ्या कडुनिंबामुळे दोन नंबरच्या खातच नव्हत्या ना, तेव्हा दोन-दोन घमेली उरायची. पुढे एक, कधी सव्वा. तीन नंबरच्या मात्र तुटून पडायच्या. त्यांना काय, वासाची सवय पहिल्यापासनं थोडी थोडी — काय? परत बोल. हळू बोलतेस, पंखा चालू आहे आत.

थांब. थांब, तू बोलू नको, मला माझं मला कळू दे. म्हणजे दोन नंबरमधलं उरलेलं, म्हणजे तुझा पाला कालवलेलं. ते तीन नंबरमध्ये. आणि तीन नंबरला काहीच द्यायचं नव्हतं. म्हणजे त्यांना पण पाला मिळतच होता. म्हणून — अरे! म्हणून हगवण नाय लागली! आणि म्हणून रिपोर्टात त्यांनी खाद्य कमी खाल्लेलं दिसलं, कारण त्यांचं मोजलं तेवढंच मोजलं, वरचं हे कुणी धरलंच नाय. अरे देवा! अगं, मग तुझा पाला चालला की! चांगला दणकून चालला! अर्धामुर्धा खाऊनसुद्धा जगल्या त्या. आणि तू नापास! हा हा — नाय, मी हसतोय त्याचा राग नको मानू, पण आहेच तसं हे. तुझ्याच पाल्याने तुला पाडलं गं!

रंगू, काय नाय, तू तुझं काम कर. आम्ही आपलं गप्पा मारतोय.

फोन कुणाला लावतेस? ठेव. ठेव तो खाली आधी. सरांना लावशील, आणि काय सांगशील? — मी सांगू? मी? मी सांगायचं तुझ्या सरांना, की माझ्या शेडवर असं झालं? तुला कळतंय का तू काय मागतेस? एका शेडचं खाद्य दुसऱ्या शेडमध्ये न्यायचं नाय, रोग पसरतो, हा कंपनीचा पहिला नियम आहे. मी तोंड उघडलं की उद्या पिल्लं बंद. तिन्ही शेड रिकाम्या. मग मी काय तुझा ओवा हुंगत बसू? — चूक कुणाची आहे ते राहू दे. चूक तुझी. तुझा तिच्यावर विश्वास होता ना? मग संध्याकाळी स्वतः यायचंस. सकाळी यायचीस तशी. संध्याकाळी नाय जमलं ना तुला?

परत करूया म्हणतेस. कुठे? कोण शेड देणार तुला आता? सगळ्या पट्ट्याने रिपोर्ट ऐकलाय, राहुलने ऐकवलाय — ज्याच्या त्याच्या शेडवर जाऊन, अगदी आवर्जून. हां, ते केलंय त्याने. मीच म्हटलं होतं, सांग सगळ्यांना, डॉक्टरीणबाईंनी सभा घेतली होती तर निकाल पण कळू दे लोकांना. आणि तुझे सर? ते काय म्हणतील, तू जाऊन सांगितलंस तर? की पोरगी हरली आणि आता म्हणतेय, कोंबड्यांनी दुसरीकडचं चोरून खाल्लं. तू सांग ना, खुशाल सांग. मी म्हणेन, आमच्यात असं काय झालेलं नाय.

हात नको जोडू. — नाय, जोड. जोड, जोड, बघू दे मला. तुझ्या आजोबांच्या वाडीत माझा बाप नारळ उतरवायचा, पाणी पाहिजे तर ओंजळ धरावी लागायची त्याला. आणि आज त्यांची नात माझ्या दारात, कोंबड्यांच्या घाणीत उभी राहून हात जोडतेय, आणि कशासाठी, तर रंगूने घमेलं कुठे ओतलं ते सांगा म्हणून. मला आज मजा वाटतेय, आश्लेषा. तुला सांगतो, कधी नव्हे ती मजा वाटतेय. बस खाली.

माणसं मरतात म्हणतेस. मरतात. कशाने मरत नायत माणसं? तुझी आई गेली, परत येणार आहे काय ती मी खरं बोललो म्हणून? आणि राहुलने काय विकायचं उद्यापासून? तू औषध बंद करशील, तुझा सत्कार होईल, परत तोच मंडप, परत त्यानेच खुर्च्या मांडायच्या. नाय बाबा. आणि ते औषधाचं काय ते बाहेरच्यांना. आपल्या घरात कुठे येतं ते? क्रांतीला आम्ही एक नंबरची देतच नाय ना — राहुलची बायको गं, सातवा लागलाय तिला. तिच्यासाठी दोन नंबरमधल्या थोड्या काढून ठेवल्या होत्या मागच्या खुराड्यात, गाडीत चढवल्याच नायत. राहुलच म्हणाला, बाबा, हिला ती औषधाची नको, पोटात बाळ आहे, उगाच — काय?

काय बघतेस अशी? त्यात काय झालं? प्रत्येक जण आपल्या घरचं बघतो. तू नाय बघणार? — हो, त्याला माहीत आहे. औषधं विकतो तो, त्याला नाय माहीत असणार तर कुणाला? मंडपात मागे उभा राहून ऐकलं त्याने सगळं, सांगितलं ना तुला. ऐकलं म्हणूनच — जाऊ दे. तू शब्दात पकडू नको मला. मी काय बोललो? काय नाय बोललो मी.

रंगूला कशाला हाक मारतेस? तिला नको मध्ये घेऊ. — बरं. बरं, विचारायचंय ना? मीच विचारतो. रंगू! इकडे ये. सोड ते भांडं, हात पूस पदराला आणि ये. उभी राहा अशी समोर. ही विचारतेय की दोन नंबरमधलं उरलेलं खाद्य तू संध्याकाळी कुठे टाकायचीस. थांब, लगेच बोलू नको. आधी नीट आठव. तुझा नवरा कोंडाजी गेला, त्याचे दिवस व्हायच्या आधी कंपनीचा सुपरवायझर आला होता — बाई एकटी आहे, तिला शेडवर ठेवू नका, खोली रिकामी करून घ्या. तेव्हा मध्ये कोण पडलं? ते आठव. भाऊ तुझा न्यायला आला होता काय? नव्हता आला. कुणीच नव्हतं आलं. खोली कुणाची आहे, ते आठव. आठवलं? आता सांग हिला. उरलेलं कुठे टाकायचीस? — मान नको हलवू, तोंडाने बोल. डॉक्टरीणबाईंना ऐकू आलं पाहिजे. 'खड्ड्यात.' मोठ्याने. 'व्हय दादा, खड्ड्यात.' आणि तीन नंबरमध्ये? एखाद दिवस? चुकून घमेलंभर? 'न्हाय. कवाच न्हाय.' ऐकलंस? परत विचारू? मी विचारीन, तू म्हणशील तितक्या वेळा विचारीन, ती हेच सांगेल.

तिला का हात लावतेस? सोड तिचा हात. काय म्हणालीस तिला? — 'बरोबर केलंस मावशी'? कशाला म्हणालीस तसं? मोठेपणा दाखवतेस काय इथे? आणि तू गं, तुला रडायला काय झालं? तुला कुणी मारलं? जा, ती टोपली उचल, पिल्लं पुरून ये आधी. मुंग्या लागतील.

हां, आला तुझा टेम्पो. हॉर्न कसला मारतोय, कोंबड्या बिचकतात, सांग त्याला. तुझा वजनकाटा तिथे भिंतीला टेकवून ठेवलाय, तो ने. बादल्या ने. पोती — पोती राहू दे. राहू दे म्हणतो ना! माझ्या जागेत आहेत ती, माझ्या शेडमध्ये पडून होती इतके दिवस, त्यांचं भाडं समज. तुला काय करायचीयेत आता? विषय बंद झाला ना तुझा? — कशाला म्हणजे? खुराड्यातल्या संपतील महिन्याभरात. क्रांतीला पुढे दोन-तीन महिने तरी लागेल, बाळंतपणात आळणी रस्सा लागतो, तिला सवय आहे. नवीन पिल्लांतली थोडी वेगळी ठेवतो, त्यांना घालतो तुझा पाला. घरच्यापुरता. त्यात तुझं काय जातं? उलट बरं आहे, पुण्य लागेल तुला, गरोदर बाईच्या पोटात जाईल.

फक्त तेवढं माप सांगून जा. एका घमेल्याला किती घालायचं? मूठ, पसा, काय ते. जास्त पडलं तर चोच लावत नायत, तुझंच झालं होतं तसं, आणि कमी पडलं तर हगवण. आणि लहान पिल्लांना किती, मोठ्यांना किती? वेगवेगळं असेल ना? — आश्लेषा. मी काहीतरी विचारतोय. अगं, बाळासाठी विचारतोय, माझ्यासाठी नाय. राहुलचा राग असेल तुझा, माझा असेल, त्या पोटातल्या जिवाने तुझं काय केलंय? ए! काटा पण नाय नेत? ए, आश्लेषा, तोंड आहे ना तुला? सभेत केवढं बोलत होतीस!

गेली. बघ कशी गेली. शिकलेली माणसं — जरा माणुसकी म्हणून नाय. गेट पण उघडंच टाकलंन्. जाऊ दे, नाय सांगितलं तर नाय. पोती तर आहेत.

रंगू! ए रंगू, पुरलीस काय पिल्लं? ये इकडे. डोळे पूस ते, गेली ती. काय नाय बोलली पुढे, तुझी खोली कुठे जात नाय. आता मला सांग, तू तीन नंबरला रोज किती ओतायचीस? नीट आठवून सांग. सुरुवातीला दोन घमेली ना? मग एक? अख्ख्या शेडला तेवढं पुरलं ना त्यांना, मग त्या मानाने मला इथे चार पिल्लांना किती लागेल ते काढता येईल. सकाळी किती पाला कालवायची ती, बघितलंस काय कधी? तुझ्यासमोर कालवायची ना? सांग की. आपल्या क्रांतीसाठी पाहिजे गं, बाहेर कुणाला नाय. — बोल ना. अशी काय उभी राहिलीस माझ्याकडे बघत? किती ओतायचीस तीन नंबरला?

काय?

परत बोल.

'म्या कवा वतलंय, दादा? म्या तर खड्ड्यात टाकायची.'